कालव्याच्या वाटेने पुढे गेले म्हणून

नायगाव, मुंबई
रविवार, २७ नोव्हेंबर १९५५

ती. सौ. वन्संना,

कालिंदीचा नमस्कार. आम्ही दोघंही सुखरूप आहोत. हे आधी लिहिते, कारण पेपरातली बातमी ऐकल्यापासून तुमचा जीव थाऱ्यावर नसेल.

सोमवारी फाउंटनपाशी गोळीबार झाला तेव्हा हे तिथेच होते. संप होता, म्हणून सकाळी सायकलवर गेले आणि संध्याकाळी चालत परत आले. सायकल पळापळीत कुठे गेली कळलं नाही. दारात उभे राहिले तेव्हा शर्टाची पुढची बाजू रक्तानं कडक झाली होती. मी किंचाळले. म्हणाले, "माझं नाही." शेजारी उभ्या असलेल्या एका गिरणी कामगाराच्या जबड्याला गोळी लागली आणि तो ह्यांच्या अंगावर कोसळला. ह्यांनी त्याला खांद्यावर टाकून गल्लीत नेलं, पण तो तिथेच गेला. त्याचं नावही ह्यांना ठाऊक नाही. तो शर्ट मी तीनदा धुतला, तरी डाग आहेच. दोन दिवस ह्यांनी अन्नाला हात लावला नाही.

वन्सं, तुमचा भाऊ भित्रा नाही. हे मी कुठेही, कोणासमोरही सांगेन.

आता जरा बरं लिहिते. दिवाळीतल्या आमच्या सायकलसफरीची गोष्ट इथे शाळेत सगळ्यांना सांगून झाली. माझ्याबरोबर शिकवणारी सुभद्रा तर रोज विचारते, खडकवासल्यापासून तुमच्या हडपसरपर्यंत खरंच कालव्याच्या कडेकडेनं जाता येतं का? मी म्हणते, अगं, येतं! चढ नाही, उतार नाही, पाणी जातं तसं आपण जायचं. चौकीवरचा शिपाई ओरडला की उतरायचं, तो पाठमोरा झाला की परत बसायचं. पर्वतीच्या पायथ्याशी धुणं धुणाऱ्या बायका आमच्याकडे बघून पदर तोंडाला लावून हसत होत्या. पुढे बाभळी, मग ऊस, आणि तुमच्याकडच्या गुऱ्हाळाचा वास तर ते दिसण्याआधीच आला. मुंबईत जन्म काढलेल्या बाईला एवढं हिरवं एकदम बघायची सवय नसते.

हडपसरहून लोणीच्या बाजूला निघालो तेव्हा ह्यांनीच म्हटलं, "बघू कालव्यावरच्या त्या मोरीपर्यंत कोण आधी पोचतं." मी पुढे गेले. गुऱ्हाळावरचे गडी ओरडले, "शामराव, बायको पुढं गेली की!" आणि मोरीपाशी माझा तोल गेला. ओठ फुटला, मनगट मुरगळलं, ते तुम्ही पाहिलंच. हळद तुम्हीच लावलीत. आता बरं आहे.

इथे रविवारी मी आणि सुभद्रा निघतो. नायगावातून फाइव्ह गार्डनच्या झाडांखालून शीव, तिथून कुर्ला, घाटकोपर, आणि मग तानशाचं पाणी आणणाऱ्या मोठ्या नळांच्या कडेची वाट धरून पवईच्या तळ्यापर्यंत. कालव्याची सर नाही, पण शहर मागे पडतं. हे म्हणतात, दिवस वाईट आहेत, आता बंद करा. म्हणतात ते बरोबरच असेल.

ह्यांना दुसरी सायकल मिळाली. आमच्या इमारतीखालचे सायकलवाले कुशाबा, त्यांनी जुने भाग जोडून दिली. माझीही लेडीज सायकल त्यांच्याच हातची.

एक राहिलं. आम्ही निघालो तेव्हा तुम्ही माझा हात धरून काहीतरी विचारायला गेलात, तेवढ्यात दाजी आले आणि तुम्ही थांबलात. काय विचारायचं होतं?

मुलांना आशीर्वाद, दाजींना नमस्कार.

तुमची भावजय,
कालिंदी



नायगाव, मुंबई
रविवार, ५ फेब्रुवारी १९५६

ती. सौ. वन्संना,

नमस्कार. तुम्ही मास्तरीणबाईंकडून लिहून घेतलेली दोन पत्रं आली. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. टपाल बंद होतं, आणि सुरू झाल्यावर माझा हात चालेना. अक्षर वाकडं आहे, समजून घ्या.

ह्यांच्या डोक्याची जखम भरते आहे. टाके काढले.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राकडे जाणार, असं रेडिओवर जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवसापासून आमचं नायगाव, परळ, लालबाग ओळखू येईना. रस्त्यात दिव्याचे खांब आडवे, जळते टायर, उलटलेल्या हातगाड्या. पोलीस गॅलरीत दिसेल त्याच्यावरही गोळी झाडत. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई वाळत घातलेलं लुगडं काढायला आली आणि लुगड्यासकट कठड्यावर लोंबकळली. आमची माणसंही काही देवमाणसं नव्हती. कोपऱ्यावरचं एक दुकान फोडलं, मालकाला ओढून काढलं, आणि ज्यांना मी रोज नमस्कार करते त्यांनीच त्याच्या तोंडावर लाथा घातलेल्या मी बघितल्या.

त्या आठवड्यात बुधवारी कुशाबा गेले.

दुपारची गोष्ट. ते फळी अर्धी उघडून बाहेर टांगलेले टायर आत घेत होते. नाक्यावर पोलिसांची गाडी आली, गल्लीतून दगड गेले, आणि तिकडून गोळ्या सुटल्या. मी गॅलरीतच होते. कुशाबा खाली बसले, काहीतरी सांडलेलं उचलायला बसावं तसे. मग वर माझ्याकडे बघितलं. मी धावत खाली गेले. गोळी पोटात लागली होती. त्यांची बायको राधाबाई पदराचा बोळा करून दाबत होती आणि बोळ्यातून रक्त तिच्या कोपरापर्यंत येत होतं. इस्पितळ परळला, हाकेच्या अंतरावर, पण त्या बाजूला रस्त्यात पाऊल टाकणाऱ्यावर नेम धरला जात होता. दोघं उचलायला पुढे झाले, त्यातल्या एकाच्या मांडीत गोळी गेली.

मला आमची रविवारची वाट आठवली. सायकल काढली आणि मागच्या गल्ल्यांतून वडाळ्याच्या अंगाला निघाले. वाटेत एक दगड पाठीत बसला. कोणी कोणाला मारला होता देव जाणे. फाइव्ह गार्डनला पोचले तर तिथे चिटपाखरू नव्हतं. माळी पाण्याचा पाइप सुरूच टाकून पळाला होता, सगळ्या हिरवळीवर पाणी साचलं होतं, आणि बाकावर एक माणूस डोकं धरून बसला होता. त्याच्या बोटांमधून रक्त पाण्यात ठिबकत होतं. मी थांबले नाही, वन्सं. त्या माणसापाशी मी थांबले नाही.

हिंदू कॉलनीच्या मागच्या बाजूला एक वयस्कर डॉक्टर राहतात. ते म्हणाले, "येतो, पण माझी मोटार काढली तर जाळतील."

"मागे बसा," मी म्हटलं.

"बाई, तुम्हाला पेलवेल का?"

"बसा हो!"

ते कॅरियरवर बसले, मांडीवर बॅग. तशी डबलसीट मी त्यांना घेऊन आले. आम्ही पोचलो तेव्हा कुशाबांचं डोकं कोणीतरी राधाबाईच्या मांडीवरून खाली ठेवलं होतं. डॉक्टरांनी डोळे मिटले त्यांचे, आणि मग संध्याकाळपर्यंत आमच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून बाकीच्यांच्या गोळ्या काढल्या. भूल नव्हती. मी पाय धरत होते.

त्याच दिवशी ह्यांच्या डोक्याला लागलं. पोलिसांची लाठी, असं सगळे म्हणतात. तुम्ही सविस्तर लिही म्हणालात. सविस्तर मला सांगता येत नाही.

लोक येतात, हार घालतात. पुढच्या महिन्यात मैदानावर जखमींचा सत्कार आहे, त्यात ह्यांचंही नाव आहे. तुम्हाला अभिमान वाटतो असं तुम्ही लिहिलंत, ते पत्र ह्यांनी शेजाऱ्यांना वाचून दाखवलं.

माझी सायकल सध्या बंद आहे.

तुमची,
कालिंदी



दादर, मुंबई
रविवार, १८ मार्च १९५६

ती. सौ. वन्संना,

नमस्कार. अक्षर सुभद्राचं आहे, शब्द माझे आहेत. माझ्या उजव्या हाताची बोटं प्लास्टरमध्ये आहेत. मी हिंदमाताजवळ सुभद्राच्या खोलीवर आहे आणि आता नायगावला परत जाणार नाही. ह्या पत्रात मी "हे" असं लिहिणार नाही. शामराव लिहीन. ऐकायला कडू लागलं तरी शेवटपर्यंत वाचून घ्या.

दिवाळीत मोरीपाशी माझा तोल गेला नव्हता.

गडी हसले, मी मोरीपर्यंत पोचले, उतरून मागे बघितलं. मीही हसत होते. शामरावांनी सायकल माझ्या अंगावर घातली. पडले तेव्हा केस धरून उठवलं आणि तोंडावर ठोसा मारला. मग मान धरून मला काठावर आणलं आणि तोंड पाण्यात दाबलं. पहिल्यांदा वाटलं, थट्टा आहे. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा नाकातोंडात गाळ गेला. "पुढे जातेस? जा की आता पुढे," असं म्हणत होते. तो आवाज मोठा नव्हता. कोणाला पाणी पाजताना बोलावं तसा होता.

आणि वन्सं, तुम्ही तिथे होतात. बाभळीखाली, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा मी तुम्हाला पाहिलं. तुम्ही भारा खाली टाकला नाहीत. मग वळून वस्तीकडे गेलात. संध्याकाळी मी म्हटलं, पडले. तुम्ही म्हणालात, जपून चालवावी बाई. आणि हळद लावलीत. निघताना तुम्हाला काय विचारायचं होतं ते मला कळत होतं. मीच पत्रात उगाच विचारलं, तुम्ही लिहाल का ते बघायला. तुम्ही नाही लिहिलंत.

ती पहिली वेळ नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी सायकल शिकवली ती त्यांनीच, मला धरून शिवाजी पार्कला फेऱ्या मारल्या, मी पडले तर फुंकर घालायचे. मी एकटी चालवायला लागले तेव्हापासून हात उठायला लागला. मला आधी शाळेत कायम केलं आणि त्यांची बढती हुकली, तेव्हा पट्टा. सुभद्राबरोबर पवईला जाऊन उशीर झाला, तेव्हा कढत तव्याला माझा हात लावला. शाळेत मी लांब बाह्यांची पोलकी घालते, थंडी वाजते म्हणून सांगते. मुंबईत!

आता तो बुधवार.

शामराव संध्याकाळी लालबागहून आले. दिवसभर खरंच जिवावर उदार होऊन ते माणसं उचलत होते, हे मला बाकीच्यांनी सांगितलं आणि मी ते खरं मानते. शर्ट पुन्हा रक्तानं भरला होता. खाली लोकांनी त्यांना कुशाबांचं सांगितलं आणि शिवाय म्हणाले, "वहिनींनी कमाल केली. डॉक्टरला डबलसीट घालून आणला. तुम्ही नव्हतात, पण त्यांनी नाव राखलं." हे मी जिन्यात ऐकलं. ऐकून बरं वाटलं. मूर्ख मी.

ते वर आले, कडी लावली.

"कोणाला बसवून आणलंस?"

"डॉक्टरांना. कुशाबांना..."

"परका पुरुष पाठीला चिकटून बसला आणि सगळं नायगाव टाळ्या वाजवत होतं. माझ्या घरात राहून मला खाली बघायला लावतेस?"

"अहो, माणूस मरत होता."

त्यांनी माझी सायकल उचलून भिंतीवर आपटली. चाकावर उभे राहून आरे मोडले. मग साखळी ओढून काढली, हाताला एक वेढा दिला, आणि पाठीत मारायला लागले. जिथे दगड बसला होता तिथेच. मी ओरडले नाही, कारण खाली राधाबाई कुशाबांच्या उशाशी रडत होती आणि मला तिच्या रडण्यावर आवाज काढायची लाज वाटली. हे किती वेडं आहे ते आता कळतं. नंतर साखळी टाकून त्यांनी गळा धरला. डोळ्यांपुढे काळं व्हायला लागलं, हाताला हवा भरायचा लोखंडी पंप लागला. तो मी त्यांच्या डोक्यात घातला. हात सैल झाले. तरी मी आणखी एकदा घातला. तो दुसरा घाव जीव वाचवायला नव्हता, वन्सं. तो मला घालायचा होता म्हणून घातला.

आवाज ऐकून शेजारी धडकले. मी कडी काढली. शामराव जमिनीवर, कपाळावरून रक्त, आणि दारात सगळी माणसं. कोणीतरी म्हणालं, "लाठी बसली वाटतं डोक्यात! असाच चालत आला का हा?" शामरावांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हो. पोलिसांची."

मी फडकं भिजवून आणलं.

मला वाटलं, आता हा माणूस मला हात लावणार नाही. त्याचं खोटं माझ्याजवळ, माझं त्याच्याजवळ. काही दिवस तसं झालंही. पण लोक येऊन विचारायचे आणि शामराव सांगायचे. आधी नुसती लाठी होती. मग अधिकारी आला, मग घोडा आला, मग एका म्हातारीला वाचवायला ते मधे पडले असं झालं. माझ्यासमोर बसून सांगायचे, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी यायचं. मला भीती वाटली ती तेव्हा.

सत्कार गेल्या आठवड्यात झाला. जखमींना त्यांच्या बायकांनी ओवाळायचं असं ठरलं होतं. मी तबक घेऊन वर गेले. समोर पहिल्या रांगेत राधाबाई, कपाळ मोकळं. तिच्यामागे मैदानभर माणसं. ती सगळी माझीच माणसं, मलाही मुंबई महाराष्ट्रातच हवी आहे. मी गप्प राहून ओवाळलं. जखमेच्या खुणेजवळ कुंकू लावलं. शामराव ओठ न हलवता म्हणाले, "हस."

मला हसता आलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी माझा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि म्हणाले, "ह्याच हातानं मारलंस ना?" आणि दार लोटलं. दोन बोटं मोडली. अंगठा वाचला.

सकाळी ते कचेरीत गेले, मी नेसत्या लुगड्यानिशी दादरला चालत आले. दोन दिवसांनी ते इथे येऊन चौकात उभे राहिले. काचा फोडल्या. सुभद्राला तोंडात येईल ते बोलले. मग चळवळीतले एक वडीलधारे गृहस्थ मला भेटायला आले. फार गोड बोलले. म्हणाले, "पोरी, आत्ता ही गोष्ट बाहेर आली तर सरकार टपलंच आहे. थोडं थांब."

मी म्हटलं, "कुशाबांचा जीव गेला तेव्हा ह्याच चळवळीचं काम मी करत होते. मला कोण थांबा म्हणतंय, मोर्चा की माझा नवरा?"

ते उठून गेले.

वकिलांनी सांगितलं की नव्या कायद्यानं बाईला वेगळं राहण्याची मागणी करता येते, पण डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार हवा. चाळीत ऐकलं सगळ्यांनी, पाहिलं कोणीच नाही. पाहिलेलं एकच माणूस आहे.

तुम्ही त्याला अंगाखांद्यावर वाढवलंत. आई गेल्यावर तुम्हीच त्याची आई झालात. दाजी काय म्हणतील, भाऊबीज कायमची तुटेल, हे सगळं मला कळतं. आणि कोर्टात मला विचारलं, त्याच्या डोक्यात कोणी घातलं, तर मी खरं सांगणार, हेही तुम्हाला आधीच सांगून ठेवते. त्याला वाचवणारं काही माझ्याजवळ उरलेलं नाही.

तरी विचारते. याल?

कालिंदी



दादर, मुंबई
रविवार, १० फेब्रुवारी १९५७

ती. सौ. वन्संना,

नमस्कार. आता मी स्वतःच्या हातानं लिहिते. बोटं पुरती वळत नाहीत. गेल्या रविवारी पहिल्यांदा आम्ही नळाच्या वाटेनं घाटकोपरच्या पुढे गेलो, तर ब्रेक नीट दाबता येईना, उतारावर मला पाय घासत थांबावं लागलं. सुभद्रा म्हणाली, उतरून चल. मी नाही उतरले.

निकाल लागला. वेगळं राहण्याचा हुकूम मिळाला. पण ते सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. साक्षीच्या दिवशी सुभद्रा तुम्हाला टॅक्सीत घालून डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याआधी आणि त्यानंतर काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

मला आधी पिंजऱ्यात उभं केलं होतं. त्यांच्या वकिलानं विचारलं, "नवऱ्याच्या डोक्यात पंप घातला तो तुम्हीच?" मी म्हटलं, "हो. दोन वेळा." मागच्या बाकांवर नायगावची माणसं बसली होती, शामरावांसाठी आलेली. म्युनिसिपालिटीच्या तिकिटासाठी त्यांचं नाव चाललं होतं. ती सगळी एकदम बोलायला लागली. एकजण ओरडला, "खोटारडी!" मग तुमचं नाव पुकारलं.

तुम्ही डोक्यावरचा पदर नीट केलात आणि म्हणालात, "माझ्या भावानं हिचं तोंड कालव्याच्या पाण्यात बुडवलं. मी पाहिलं. मी गवताचा भारा घेऊन घरी गेले." वकील म्हणाले, "मग तेव्हा अडवलं का नाही?" तुम्ही म्हणालात, "माझा बापही आईला असाच मारायचा. मला वाटलं, घराघरात असंच असतं." तुमचा आवाज चढला नाही. मी मात्र रुमाल तोंडात कोंबला होता.

बाहेर व्हरांड्यात शामरावनं तुमचे केस धरले. "आक्का, तू?" एवढंच म्हणाला आणि तुमचं तोंड खांबावर आपटलं. एकदा, आणि सोडवायच्या आत परत एकदा. दात पडल्याचा आवाज मला ऐकू आला.

त्याला धरला तो त्याच्याच माणसांनी. रामजी नावाचा एक गिरणी कामगार आहे, सत्काराच्या दिवशी त्यानंच शामरावला खांद्यावर घेतलं होतं. त्यानं मागून दोन्ही हात आवळले आणि म्हणाला, "शामराव, बहीण आहे ती तुमची!" शामराव त्याला चावला. अक्षरशः मनगटाला चावला. मग रामजीनं त्याला भिंतीवर दाबलं आणि बाकीचे नुसते उभे राहून बघत राहिले. तुमची चप्पल तिथेच पडली होती, ती एकानं उचलून माझ्या हातात दिली.

नंतर रामजी माझ्याकडे आला. मनगटातून रक्त येत होतं. म्हणाला, "वहिनी, ती लाठी... खरंच तुम्ही?"

"मीच."

त्यानं मनगटाला रुमाल गुंडाळला. मग म्हणाला, "आम्ही खांद्यावर घेतलं होतं हो त्याला."

मी म्हटलं, "फाउंटनला आणि लालबागला त्यानं जे केलं, त्यासाठी घेतलं असंच समजा. ते खरं होतं."

तिकीट दुसऱ्याला मिळालं. त्यावरून माझ्यावर दात धरणारे पुष्कळ आहेत. परवा बाजारात दोघी बायका माझ्या पुढ्यात थुंकल्या, एकीनं टोपलीतला नासका टोमॅटो फेकून मारला. शाळेत दोन शिक्षक माझ्याशी बोलत नाहीत. राधाबाई मात्र येते. कुशाबांचं दुकान ती आता चालवते, माझी सायकल तिनंच उभी केली. त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही. ती चाक फिरवून बघते, मी हवा भरते.

आता तुमच्याबद्दल.

तुमचं कार्ड आलं. "ठीक आहे, काळजी नसावी." एवढ्याच चार शब्दांसाठी तुम्ही कार्ड खर्ची घातलंत? पण तुमच्या वस्तीवरची बाई परवा भाजीच्या ट्रकबरोबर दादरला आली होती. तिनं सांगितलं ते सगळं. दाजींनी तुम्हाला चुलीपाशी येऊ द्यायचं बंद केलंय, तुम्ही गोठ्यात निजता, मुलांना तुमच्याशी बोलू देत नाहीत. आणि गेल्या आठवड्यात शामराव हडपसरला येऊन गेला, दाजींबरोबर बसून जेवला, आणि जाताना गोठ्यात शिरला. तुमचा डावा हात गळ्यात बांधलाय, असं ती म्हणाली. वन्सं, हे तुम्ही मला लिहिलं नाहीत.

मी तुम्हाला साक्षीला बोलावलं तेव्हा माझ्या जिवाची पडली होती. तुमचं काय होईल ते मला कळतं असं मी लिहिलं होतं, पण कळत नव्हतं. मला वाटलं होतं, फार तर भाऊबीज तुटेल.

सुभद्राशी बोलले आहे. खोली लहान आहे, मोरी एकच आहे, पण तिघी मावू. राधाबाईला दुकानात माणूस हवंय, बसून करायचं काम आहे, हात बरा होईपर्यंत पैसे घेणं, हिशेब सांगणं. तुम्हाला लिहायला येत नाही म्हणून घाबरू नका, तिलाही येत नाही. मुलांचं वकिलांना विचारते आहे. त्यांनी अजून भरवसा दिलेला नाही, म्हणून मीही देत नाही. मुलांना मागे ठेवून या असं सांगायची माझी जीभ रेटत नाही. पण तुम्ही त्या गोठ्यात मेलात तर त्यांना काय मिळेल, तेही बघा.

तीच भाजीवाली बाई हे पत्र घेऊन येईल आणि तुम्हाला वाचून दाखवायला मास्तरीणबाईंना बोलावील. ती मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे ट्रक घेऊन निघते. ट्रकवाला तिचा भाऊ आहे, त्याला सगळं सांगितलं आहे. दादरला भाजीबाजारात ट्रक रिकामा होतो. दोन्ही दिवशी आमच्या दोघींपैकी एक तिथे असेल, ह्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात, त्याच्या पुढच्याही.

उत्तर लिहून घेऊ नका. लिहून घ्यायला बसलात तर "ठीक आहे" असंच सांगाल. अंगावर आहे त्या लुगड्यानं निघा.

भाजीबाजारात उभी असलेली,
कालिंदी